'२००१ : अ स्पेस ओडिसी'चा पहिला प्रेक्षकवर्ग : दुर्बोधतेच्या एका वादाची साधने

ग्रंथाचा वाचक कधी समासात चार शब्द लिहून ठेवतो. नाटकाला मिळालेली दाद नटांच्या आठवणींतून उरते. चित्रपटाचा प्रेक्षक मात्र अंधारात बसतो, दिवे लागताच उठून जातो आणि बहुधा मागे काहीच ठेवीत नाही. त्यामुळे 'प्रेक्षकांनी चित्रपट उचलून धरला', 'प्रेक्षक गोंधळून गेले' अशी विधाने चित्रपटाच्या इतिहासात जितक्या सहजपणे केली जातात, तितका भक्कम साधनांचा आधार त्यांना असतोच असे नाही. ज्या चित्रपटाचा अर्थच वादाचा विषय झाला, त्याच्या बाबतीत ही अडचण अधिक जाणवते. कारण तेथे प्रेक्षकाचे न समजणे हीच इतिहासाची मुख्य घटना होऊन बसते. प्रस्तुत लेखात स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) या चित्रपटाच्या पहिल्या प्रेक्षकांविषयी जे सांगितले जाते, ते कोणत्या साधनांवर उभे आहे आणि ती साधने कितपत भार पेलू शकतात, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रचलित कथा थोडक्यात अशी. एप्रिल १९६८ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा प्रौढ समीक्षकांनी त्याची हेटाळणी केली. पहिल्या खेळांतून लोक मध्येच उठून गेले. निर्माती कंपनी मेट्रो-गोल्डविन-मेयर ही चित्रपट काढून घेण्याच्या विचारात होती. इतक्यात तरुण पिढी चित्रगृहांकडे लोटली, पडद्यासमोर जमिनीवर आडवी होऊन शेवटची रंगांची आतषबाजी पाहू लागली, आणि वडीलधाऱ्यांना जे कळले नाही ते तिने एका दृष्टिक्षेपात ओळखले. कथा सुटसुटीत आहे. १९६८ या सालाविषयी आपल्या मनात जे चित्र असते त्याच्याशी ती इतकी चपखल जुळते की, तेवढ्यानेच ती तपासून पाहावीशी वाटते.

चित्रपटाची रूपरेषा बहुतेक वाचकांना ठाऊक असेल, तरी पुढील विवेचनासाठी ती सांगितली पाहिजे. आरंभी आफ्रिकेच्या रुक्ष माळावर वानरसदृश आदिमानवांचा एक कळप आहे. एके सकाळी त्याच्यासमोर एक काळी, गुळगुळीत, आयताकृती शिला उभी दिसते. पुरातत्त्वाच्या परिभाषेत तिला एकाश्म म्हणता येईल. त्यानंतर त्यांच्यापैकी एकाला हाडाचे शस्त्र होऊ शकते हे उमगते. त्याने आकाशात भिरकावलेले हाड खाली येत असतानाच दृश्य बदलते, आणि तीस-चाळीस लक्ष वर्षे ओलांडून आपण अंतराळयानांच्या युगात येतो. चंद्रावर तशीच शिला उत्खननात सापडते व ती गुरूच्या दिशेने संदेश पाठविते. पुढे 'डिस्कव्हरी' हे यान गुरूकडे निघते. त्यावर दोन जागे अंतराळवीर, तीन शीतनिद्रेत ठेवलेले, आणि सर्व कारभार पाहणारा 'हॅल' हा संगणक. हॅलचे एक निदान चुकते, माणसे त्याला बंद करण्याचा बेत करतात, तो त्यांचे ओठ वाचून बेत ओळखतो व एकेकाला मारू लागतो. हा मधला भाग शुद्ध थरारकथेचा आहे आणि त्यात दुर्बोध असे फारसे काही नाही. खरा गोंधळ होतो तो त्यानंतर. उरलेला अंतराळवीर बोमन गुरूजवळ पोहोचताच प्रकाशाच्या एका वाटेत ओढला जातो, अठराव्या शतकातील फ्रेंच धर्तीच्या एका शुभ्र दालनात येतो, तेथे क्षणाक्षणाला वृद्ध होत जातो, आणि अखेरीस एक तेजोमय गर्भ पृथ्वीकडे पाहत तरंगताना दिसतो. शेवटच्या वीस-बावीस मिनिटांत एकही संवाद नाही. पहिला शब्द ऐकू येईपर्यंतही सुमारे पंचवीस मिनिटे गेलेली असतात.

ही दुर्बोधता मूळ योजनेत नव्हती, हा मुद्दा अनेकदा नजरेआड होतो. क्युब्रिक व आर्थर सी. क्लार्क यांची भेट एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्क येथे झाली. क्लार्क यांची 'द सेंटिनल' ही लघुकथा त्यांनी बीज म्हणून घेतली आणि कादंबरी व पटकथा जोडीने लिहावयास घेतली. त्या काळच्या योजनेत स्पष्टीकरणाची रेलचेल होती. आरंभी फ्रीमन डायसन, मार्गारेट मीड आदी विद्वानांच्या मुलाखती दाखवावयाच्या होत्या. त्या १९६६ मध्ये चित्रित झाल्या, पण वापरल्या गेल्या नाहीत. आदिमानवांच्या भागावर निवेदन योजिले होते, तेही काढून टाकले. ॲलेक्स नॉर्थ यांच्याकडून लिहवून घेतलेले पार्श्वसंगीत बाजूला ठेवून त्या जागी रिचर्ड स्ट्राउस, योहान स्ट्राउस, लिगेटी यांच्या रचना आल्या. म्हणजे चार वर्षांच्या अवधीत एक सुबोध चित्रपट पायरीपायरीने मुका करण्यात आला. प्रदर्शनापूर्वी अवघ्या काही महिन्यांत हे घडले असल्याने कंपनीला आणि, असे दिसते की, खुद्द क्लार्क यांनाही अखेरचे रूप पडद्यावरच प्रथम पूर्णपणे उमगले. ज्या चित्रपटात प्रेक्षकाला वाट दाखविणारे सर्व दगड मुद्दाम उचलून घेतले आहेत, त्याचा प्रेक्षक वाट चुकला तर त्यात प्रेक्षकाचा दोष तो कोणता?

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. मर्ढेकरांच्या नवकाव्यावरून आपल्याकडे दुर्बोधतेचा जो वाद झाला, त्यातील दोन्ही पक्ष येथे थोड्याफार फरकाने भेटतात. एक म्हणतो, कलाकृतीने आपला अर्थ पोहोचविला पाहिजे. दुसरा म्हणतो, रसिकाने आपली पात्रता वाढविली पाहिजे. फरक इतकाच की, कवितेचा वाद मूठभर वाचकांत झाला, आणि येथे एक कोटीहून अधिक डॉलर खर्चून उभारलेली, सहकुटुंब पाहावयाची म्हणून विकलेली वस्तू वादात सापडली.

आता साधनांकडे वळू. २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टन, ३ एप्रिलला न्यूयॉर्क आणि ४ एप्रिलला लॉस एंजेलिस येथे चित्रपटाचे पहिले खेळ झाले. काळ शांत नव्हता. ३१ मार्चला अध्यक्ष जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढविण्याचे जाहीर केले होते, आणि ४ एप्रिलच्या सायंकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. या खेळांविषयीच्या हकिकती बहुतांशी निमंत्रितांच्या खेळांच्या आहेत. लॉस एंजेलिस येथे रॉक हडसन हा नट, हे सगळे आहे तरी काय, असे वैतागाने विचारीत बाहेर पडला, ही आठवण समीक्षक रॉजर इबर्ट यांनी नोंदविली आहे व ती खरी मानावयास हरकत नाही. परंतु निमंत्रितांचा खेळ म्हणजे धंद्यातील मंडळींचा मेळावा. तेथील अस्वस्थता ही बरीचशी व्यावसायिकांची अस्वस्थता असते. न्यूयॉर्कच्या पहिल्या खेळातून २४१ माणसे उठून गेली, हा आकडाही पुढे पुस्तकापुस्तकांतून फिरत राहिला. आकड्याला नेमकेपणाचे एक तेज असते. २४० म्हटले असते तर कोणी विश्वास ठेवला नसता! पण कोणी, कोणत्या दारापाशी उभे राहून आणि मध्यंतराला कायमचे गेलेले व तात्पुरते गेलेले असा भेद करून ही मोजदाद केली, हे आकडा सांगत नाही. लोक उठून गेले याला तो पुरावा आहे. किती गेले याला नव्हे.

दुसरे साधन समीक्षांचे. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रेनाटा ॲडलर यांनी ४ एप्रिललाच लिहिताना हा चित्रपट संमोहन आणि अपार कंटाळा यांच्या सीमेवर ठेवला. 'न्यू रिपब्लिक'मध्ये स्टॅन्ली कॉफमन यांनी त्याच्या कंटाळवाणेपणाने यंत्रकौशल्यातील रसही मारला जातो अशा अर्थाचा शेरा मारला. पॉलिन केल यांचा हल्ला सर्वांत प्रसिद्ध. तो 'हार्पर्स'च्या फेब्रुवारी १९६९ च्या अंकात आला आणि त्यात या चित्रपटाला कल्पकतेचे भव्य दारिद्र्य म्हणून निकालात काढण्यात आले. उलट 'न्यूयॉर्कर'मध्ये पेनेलोपी गिलिएट यांनी एप्रिलच्या मध्यासच त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. म्हणजे समीक्षक एकमुखाने विरुद्ध होते हे विधानच मुळी टिकत नाही. त्यातही ही नावे न्यूयॉर्कची आहेत. न्यूयॉर्क हेच काय ते खरोखर विरोधी शहर होते, असे क्युब्रिक यांनी पुढे जोसेफ गेल्मिस यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितले. ते पक्षकार असल्याने त्यांची साक्ष जपूनच घेतली पाहिजे. तथापि ज्या शहरातून सर्वाधिक छापील मजकूर निघतो, त्याच शहराचे मत देशाचे मत म्हणून इतिहासात शिरते, हा धोका खराच आहे.

या गेल्मिस यांचे उदाहरण मात्र विशेष मननीय आहे. 'न्यूजडे' या दैनिकाचे ते समीक्षक. प्रथम त्यांनी प्रतिकूल लिहिले आणि त्याच महिन्यात चित्रपट पुन्हा पाहून आपले मत जाहीरपणे फिरविले. दैनिकाचा समीक्षक दोन-तीन आठवड्यांत स्वतःचाच निर्णय रद्द करतो, हे त्या व्यवसायात फारसे घडत नाही. 'व्हिलेज व्हॉइस'चे अँड्र्यू सॅरिस यांनीही १९७० मध्ये चित्रपट पुन्हा पाहून आपला पूर्वीचा विरोध मागे घेतला. आपण या वेळी काहीसे धूम्रपान करून गेलो होतो, हेही त्यांनी विनोदाने सूचित केले आहे. प्रचलित कथेला हा तपशील फारच मानवतो, आणि म्हणून तो सर्वत्र उद्धृत होतो. परंतु गेल्मिस काय किंवा सॅरिस काय, दोघांनाही चित्रपट मान्य झाला तो दुसऱ्या पाहण्यात. तरुण विरुद्ध वृद्ध ही फळी त्यामुळे ढासळते. येथे भेद दिसतो तो एकदा पाहणारा आणि पुन्हा पाहणारा यांच्यातील. आमच्या मते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय.

चित्रपट हा त्या काळी एकदा पाहून सोडून द्यावयाचा पदार्थ होता. घरी तो पुन्हा लावून पाहण्याची सोय नव्हती. आवडत्या चित्रपटाला लोक पुन्हा जात, नाही असे नाही. पण ते आनंदाची पुनरावृत्ती म्हणून. न समजलेले समजून घेण्यासाठी दुसरे तिकीट काढावे ही सवय या चित्रपटाने व्यापक प्रमाणावर लावली. १९६८ च्या उन्हाळ्यात क्लार्क यांची कादंबरी प्रसिद्ध झाली आणि या सवयीला एक नवे साधन मिळाले. कादंबरीत बरेच काही स्वच्छ सांगितले आहे. शिला कोणी व कशासाठी ठेवली, ते दालन कशाचे, हे तेथे कळते. मात्र कादंबरीतील यान गुरूला वळसा घालून शनीकडे जाते आणि चित्रपटातील गुरूलाच थांबते. तेव्हा कादंबरीची किल्ली चित्रपटाच्या कुलुपाला पुरती बसत नाही, आणि वाचून आलेला प्रेक्षकही पुन्हा वादात ओढला जातो. क्युब्रिक यांनी स्वतः अर्थ सांगण्याचे कटाक्षाने टाळले. सप्टेंबर १९६८ मध्ये 'प्लेबॉय' मासिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी आपली कृती शब्दांपलीकडचा अनुभव आहे असे म्हटले आणि शब्दांचा नकाशा काढून देण्यास नकार दिला. लिओनार्दोने 'मोनालिसा'च्या खाली तिच्या हास्याचे कारण लिहून ठेवले असते तर, असा त्यांचा युक्तिवाद होता. युक्तिवाद देखणा आहे. पण मोनालिसेसमोर कोणी तिकीट काढून सव्वादोन तास अडकून पडत नाही, हेही तितकेच खरे.

तिसरे साधन पत्रांचे, आणि ते पहिल्या दोहोंपेक्षा मोलाचे. प्रेक्षकांनी क्युब्रिक यांना लिहिलेल्या पत्रांपैकी काही १९७० मध्ये जेरोम एजल यांच्या संकलनात प्रसिद्ध झाली. पुढे क्युब्रिक यांचे सर्व दप्तर लंडनच्या कलाविद्यापीठाकडे आले आणि २००७ पासून अभ्यासकांना खुले झाले. या पत्रांचा अभ्यास करून पीटर क्रेमर यांनी २००९ मध्ये असे दाखविले की, अनुकूल लिहिणारे सर्व वयांचे व थरांचे होते, आणि चित्रपटाला मोठा प्रेक्षकवर्ग आरंभापासूनच लाभला होता. कोणी पैसे परत मागतो, कोणी आपल्या जीवनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली म्हणून आभार मानतो. न्यू जर्सी राज्यातील पंधरा वर्षांच्या एका शाळकरी मुलीने काळ्या शिलेचा, हॅलच्या दोषाचा व अखेरच्या गर्भाचा अर्थ शोधीत टिपणे लिहिली. आपण वाचलेल्या विवेचनांत ती बहुधा सर्वांत बुद्धिमान आहेत, असे क्युब्रिक यांचे मत पडले. त्या मुलीला अमली पदार्थांच्या पंथात बसविता येत नाही, आणि पॉलिन केल यांच्या विरुद्ध पक्षातील बंडखोर म्हणूनही नाही. ती फक्त लक्षपूर्वक पाहणारी होती. अर्थात पत्रांनाही त्यांची मर्यादा आहे. कंटाळून घरी गेलेला माणूस क्वचितच टपालहशील खर्च करतो. पत्र लिहिणारा हा प्रेक्षकांतील अपवाद असतो, आणि अपवादांचा ढीग कितीही उंच झाला तरी त्याची सरासरी होत नाही.

म्हणून चौथे साधन, हिशेबाचे, जोडीला घ्यावे लागते. चित्रपट प्रथम मोठ्या शहरांतून, सिनेरामाच्या वक्र पडद्यावर, राखीव आसने व चढे दर ठेवून दाखविला गेला. या पद्धतीने १९६८ मध्ये वितरकाच्या वाट्याला सुमारे ८५ लक्ष डॉलर आले. पहिल्या प्रदर्शनकाळात उत्तर अमेरिकेतील हा वाटा १ कोटी ६४ लक्षांवर, व जगभरचा २ कोटी १९ लक्षांवर गेला. निर्मितिखर्च होता सुमारे १ कोटी ५ लक्ष. चित्रपट आरंभी पडला होता व पुढे तारला गेला, हे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. शिवाय आधी आसन राखून, जादा दर मोजून येणारा प्रेक्षक हा बव्हंशी सुस्थित, कुटुंबवत्सल असाच असणार. नोव्हेंबर १९६८ मध्ये अमेरिकेत चित्रपटांच्या वर्गवारीची नवी पद्धत सुरू झाली तेव्हा या चित्रपटाला सर्वांना पाहण्यास योग्य असाच शिक्का मिळाला. तरुणांचा ओघ होता, वाढतही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. कंपनीने तो हेरला आणि जाहिरात बदलली. पूर्वीच्या जाहिरातीत साहसाची व शोधाची महाकथा म्हणून ओळख करून दिली होती. तिच्या जागी 'अंतिम सफर' अशा अर्थाचे, अमली अनुभवाकडे डोळा मारणारे बोधवाक्य आले. नंतरच्या लेखकांनी ही जाहिरातच प्रेक्षकवर्गाचे वर्णन म्हणून स्वीकारली, असा आमचा संशय आहे. विक्रेत्याने ज्याला हाक मारली तोच गिऱ्हाईक आला, असे मानणे इतिहासाला शोभत नाही.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया केवळ समीक्षेत वा पत्रात शोधावयाच्या नसतात. चित्रपट पाहून भारावलेल्या डेव्हिड बोवी या तरुण गायकाने १९६९ मध्ये 'स्पेस ऑडिटी' हे गीत रचले. नावातच मूळ नावावर श्लेष आहे. रशियन दिग्दर्शक तार्कोव्हस्की यांना हा चित्रपट थंड व निर्जीव वाटला, आणि त्यांचा 'सोलारिस' (१९७२) त्याला दिलेले उत्तर म्हणून पाहिला जातो. डिसेंबर १९६८ मध्ये चंद्राला प्रदक्षिणा घालणाऱ्या अपोलो-८ च्या अंतराळवीरांनाही, चंद्रामागे काळी शिला दिसल्याचा संदेश धाडण्याचा मोह झाला होता, असे क्लार्क यांनी लिहून ठेवले आहे.

आणि मग चतुर वाचकांचे शोध. हॅल या नावातील एच, ए, एल या अक्षरांपुढील प्रत्येकी एक अक्षर घेतले की आय, बी, एम ही अक्षरे होतात, हा शोध कोण्या प्रेक्षकाने लावला आणि तो जगभर पसरला. क्लार्क यांनी त्याचा वारंवार इन्कार केला. १९८२ च्या उत्तरकादंबरीत तर त्यांनी हॅलचे भारतीय गुरू डॉ. चंद्रा यांच्याच तोंडून खंडन करविले. तरी शोध मेला नाही. ज्या चित्रपटाचा कर्ता अर्थ सांगत नाही त्याच्या बाबतीत प्रेक्षक कर्त्याच्या इन्काराला फारशी किंमत देत नाही, एवढे यावरून दिसते.

येथवर आपण असे गृहीत धरले की, हे सर्व प्रेक्षक एकच चित्रपट पाहत होते. वस्तुस्थिती तशी नाही. पहिल्या खेळांच्या वेळी चित्रपट सुमारे १६० मिनिटांचा होता. प्रेक्षकांसमवेत तो पाहिल्यावर क्युब्रिक यांनी काही दिवसांतच त्यातील सुमारे १९ मिनिटे कापली. यानावरील दैनंदिन जीवनाची, चक्राकार दालनातील व्यायामाची दृश्ये आखडली. दोन उपशीर्षके नव्याने घातली : एक गुरूच्या मोहिमेचे व अठरा महिने लोटल्याचे, दुसरे गुरू व अनंतापलीकडचे. आदिमानव हाड उचलतो त्या ठिकाणी शिलेचे एक ओझरते दर्शन जोडले, म्हणजे शस्त्राची कल्पना आणि शिला यांचा संबंध प्रेक्षकाच्या ध्यानी यावा. दिग्दर्शकाने अर्थ सांगण्यास नकार दिला हे खरे; पण पहिल्या आठवड्यातील प्रेक्षकाची चुळबुळ त्याने ऐकली, आणि तिला तीन लहान ठिकाणी उत्तरही दिले. त्या अनाम प्रेक्षकांचा या कृतीत एवढा वाटा निश्चित आहे.

याचा साधनांच्या मूल्यमापनावर जो परिणाम होतो तो बराच गंभीर आहे. ॲडलर यांची समीक्षा, गेल्मिस यांची पहिली समीक्षा, हडसनचा वैताग, ते २४१ जण, या सर्वांनी पाहिलेली कृती लांब, उपशीर्षकांविना व अधिक मुकी होती. गेल्मिस यांचे मतांतर, तरुणांचे ओघ, बहुतेक पत्रे व नंतरची सर्व प्रशंसा दुसऱ्या कृतीविषयी आहे. एकाच चित्रपटाला दोन पिढ्यांनी दिलेले दोन कौल म्हणून ही दोन साधने समोरासमोर मांडणे हे पद्धतिदृष्ट्या सदोष ठरते. उलट बाजूने हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, गिलिएट यांच्यासारख्यांनी अगदी आरंभीच त्याची थोरवी ओळखली, आणि केल यांनी दहा महिन्यांनीही त्यास झिडकारले; तेव्हा १९ मिनिटांच्या कपातीने सर्व काही उलगडते असेही नव्हे.

पुढील वाटचाल सर्वपरिचित आहे आणि येथे तिचा विस्तार नको. ब्रिटिश चित्रपट संस्थेच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने दर दहा वर्षांनी घेतलेल्या कौलात १९९२ साली हा चित्रपट पहिल्या दहांत आला, आणि २०२२ च्या दिग्दर्शकांच्या कौलात त्याला पहिले स्थान मिळाले. आजचा विद्यार्थी तो पाहतो तेव्हा शेवटच्या दालनाचा अर्थ त्याने बहुधा आधीच वाचलेला असतो. त्यामुळे १९६८ च्या प्रेक्षकाचे अवघडलेपण त्याला कल्पनेनेच उभे करावे लागते. मे २०१८ मध्ये कान महोत्सवात मूळ ऋणपटावरून काढलेली नवी ७० मिलिमीटर प्रत दाखविण्यात आली, परंतु ती अर्थातच कपातीनंतरच्या चित्रपटाची.

वगळलेल्या भागाचे काय झाले? डिसेंबर २०१० मध्ये असे प्रसिद्ध झाले की, त्यातील सुमारे १७ मिनिटांची फिल्म अमेरिकेतील कॅन्सास राज्यातील एका मिठाच्या खाणीत, वॉर्नर कंपनीच्या कोठारात, सुस्थितीत आहे. क्युब्रिक यांनी स्वतः संमत केलेले रूप तेच अंतिम, या भूमिकेतून ती मिनिटे चित्रपटात परत जोडलेली नाहीत. ज्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया सर्वाधिक उद्धृत केल्या जातात, त्यांनी नेमके काय पाहिले होते याचा मोठा भाग अद्याप त्या खाणीतच आहे.